‘तापत नाही ना?’ हा प्रश्न आला कुठून

ग्वाल्हेरला महाराज बाड्याजवळच्या मोबाइलच्या दुकानात गिऱ्हाईक हल्ली किमतीच्या आधी विचारतं, "गरम तो नहीं होता?" शहराच्या लष्कर भागातल्या आमच्या मराठी घरांत तोच प्रश्न ‘तापत नाही ना रे?’ होऊन येतो. भाच्याला नवा फोन घ्यायचा होता. तीन प्रोसेसरची, म्हणजे फोन चालवणाऱ्या मुख्य चिपची, नावं कागदावर लिहून तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मामा, यातला कुठला तापतो तेवढं सांग." नुसत्या नावावरून ते सांगता येत नाही, हे त्याला पटवायला अर्धा तास गेला. कारण या भीतीला मोठा इतिहास आहे, आणि त्यात दर वेळी गुन्हेगार वेगळाच निघाला आहे.

मुळात चिप तापण्याची गोष्ट फोनच्या आधीची. 1974 साली आयबीएममधले रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांचे सहकारी यांनी एक हिशेब मांडला: ट्रान्झिस्टर (चिपमधले वीज चालू-बंद करणारे सूक्ष्म खटके) लहान करत जा, त्याच प्रमाणात व्होल्टेज उतरवत जा, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसवूनही उष्णता वाढणार नाही. तीसेक वर्षं हा हिशेब जमला. मग ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली आणि व्होल्टेज आणखी उतरवायला जागा राहिली नाही. 2004 मध्ये इंटेलने 4 गिगाहर्ट्झ वेगाचा पेन्टियम 4 प्रोसेसर आणण्याचा बेत गुंडाळला, तो याच अडचणीच्या काळात.

टेबलावरच्या संगणकाला निदान मोठा पंखा लावता येतो. फोनला पंखा नाही (काही गेमिंग फोनमध्ये चिमुकला असतो, पण ती हौस झाली). आतली सगळी उष्णता पाठीतून, कडांतून आणि काचेतूनच बाहेर पडायची. हाताला चटका न देता साधारण फोन सलग तीन-चार वॉट बाहेर टाकू शकतो. वरच्या दर्जाची चिप जोर लावते तेव्हा थोडा वेळ याच्या दुपटीहूनही जास्त वीज खाते. त्यात आणखी एक गंमत आहे. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे शेवटच्या दहा टक्के वेगाची किंमत दहा टक्के उष्णता नसते, कितीतरी जास्त असते. जाहिरातीत छापलेला आकडा नेमका त्या टोकावरचा.

आपल्याकडे ‘प्रोसेसर तापतो’ हे वाक्य घराघरात पोचलं ते 2015 मध्ये, क्वालकॉम कंपनीच्या स्नॅपड्रॅगन 810 या चिपमुळे. पण त्याची सुरुवात सप्टेंबर 2013 मध्ये झाली. ॲपलने आयफोन 5एसमध्ये ए7 ही 64 बिटची (एका दमात दुप्पट लांबीचे आकडे हाताळणारी) चिप आणली आणि बाकीचे सगळे गडबडले. क्वालकॉमच्या एका बड्या अधिकाऱ्याने ही नुसती जाहिरातबाजी आहे अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं, आणि कंपनीला ते लगोलग मागे घ्यावं लागलं. क्वालकॉमकडे तेव्हा स्वतःचे क्रेट नावाचे कोअर (चिपमधले प्रत्यक्ष आकडेमोड करणारे भाग) होते, पण ते 32 बिटचे. वेळ गाठायची म्हणून 810 मध्ये चिपचे आराखडे विकणाऱ्या एआरएम कंपनीने आखलेले तयार कोअर घेतले: चार ताकदीचे ए57 आणि चार काटकसरी ए53. चिप छापली गेली तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या 20 नॅनोमीटर पद्धतीवर (आकडा लहान तितकी घडण बारीक), जिच्यात ट्रान्झिस्टर अजून जुन्या सपाट घडणीचे होते. ए57 हा भुकेला कोअर, आणि गळती रोखणारी उभ्या पात्यांची फिनफेट घडण अजून एक पायरी लांब. घाईतलं लग्न म्हणतात तसं झालं.

जानेवारी 2015 मध्ये क्वालकॉमने आपल्या तिमाही निकालात कळवलं की एका मोठ्या ग्राहकाच्या पुढच्या फोनमध्ये 810 नसेल. नाव दिलं नव्हतं, द्यायची गरजही नव्हती. सॅमसंगने गॅलेक्सी एस6 मध्ये 14 नॅनोमीटर फिनफेटवर बनलेली स्वतःची एक्झिनॉस 7420 ही चिप घातली आणि त्या वर्षी ती उजवी ठरली. एलजी जी फ्लेक्स 2, एचटीसी वन एम9, वनप्लस 2, नेक्सस 6पी यांच्या वाट्याला 810 आली. क्वालकॉम शेवटपर्यंत म्हणत राहिली की तापण्याच्या बातम्या अतिरंजित आहेत. भारतात वनप्लस 2 ची 64 जीबीची आवृत्ती 24,999 रुपयांना होती, तीही आमंत्रण मिळालं तरच. म्हणजे ज्या पोरांनी आमंत्रणासाठी जिवाचं रान केलं, तेच पुढे ‘हीट होतो का’ यावर रात्र-रात्र वाद घालत बसले. माझ्या मते आजच्या दुकानातला प्रश्न तिथून निघाला. पुढच्या वर्षी 820 आली, घडण फिनफेटची झाली, कोअर पुन्हा क्वालकॉमचे स्वतःचे झाले आणि तक्रार बरीचशी निवली. प्रश्न मात्र निवला नाही.

त्यात 2016 मध्ये गॅलेक्सी नोट 7 चे फोन पेटले. तो दोष बॅटरीचा होता, प्रोसेसरचा काडीचाही संबंध नव्हता. पण विमानात ‘नोट 7 बंद ठेवा’ अशी घोषणा ऐकलेल्या माणसाच्या डोक्यात गरम फोन आणि पेटणारा फोन एकाच खणात जाऊन बसले. आजही आमच्या शेजारच्या काकू फोन जरा कोमट लागला की तो उशीपासून लांब ठेवतात. ती सवय बॅटरीच्या दृष्टीने चांगलीच आहे, कारण वेगळं असलं तरी.

दुसरी लाट 2020 नंतरची, आणि ती भारतातल्या लोकांना जास्त झोंबली. गॅलेक्सी एस20 अमेरिकेत स्नॅपड्रॅगन 865 सह विकला गेला, आपल्याकडे एक्झिनॉस 990 सह. नाव तेच, आतला जीव वेगळा. एक्झिनॉसवाले फोन जास्त तापतात, बॅटरी लवकर संपते, अशी तक्रार करत लोकांनी ऑनलाइन अर्जावर सह्या गोळा केल्या. मग स्नॅपड्रॅगन 888 आणि त्यापाठोपाठ 8 जेन 1 आल्या. या दोन्ही सॅमसंगच्या कारखान्यात छापलेल्या, आणि दोघींवरही गरमपणाचा शिक्का बसला. मे 2022 मध्ये क्वालकॉमने जवळपास तीच चिप 8 प्लस जेन 1 या नावाने टीएसएमसीकडून करवून घेतली. ती जास्त वेगाने चालूनही कमी वीज खाऊ लागली. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत बोलका वाटतो तो हा प्रसंग. आराखडा जवळपास तोच, कारखाना बदलला आणि स्वभाव बदलला. चिपच्या नावापुढे लागलेल्या एका ‘प्लस’मध्ये ही सगळी कथा दडलेली, आणि ती दुकानातल्या कार्डावर कुठेच लिहिलेली नसते.

त्याच वर्षी मार्चमध्ये दुसरं प्रकरण बाहेर आलं. सॅमसंगची गेम ऑप्टिमायझिंग सर्व्हिस फोन तापू नये म्हणून गेम आणि इतर ॲपचा वेग मुकाट्याने आवळत होती, वेग मोजणाऱ्या ॲपचा मात्र नाही. गीकबेंच या वेग मोजणाऱ्या ॲपने एस10 पासून एस22 पर्यंतचे फोन आपल्या यादीतून काढून टाकले, आणि सॅमसंगला भागधारकांच्या सभेत माफी मागावी लागली. तेव्हापासून पहिल्या मिनिटाच्या स्कोअरवर माझा विश्वास उरला नाही.

सप्टेंबर 2023 मध्ये पाळी ॲपलची आली. आयफोन 15 प्रो तापतो म्हणून ओरड झाली. कोणी नव्या 3 नॅनोमीटर चिपला दोष दिला, कोणी टायटॅनियमच्या चौकटीला. ॲपलने बोट दाखवलं आयओएस 17 मधल्या एका चुकीकडे आणि इन्स्टाग्राम, उबरसारख्या काही ॲपकडे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला 17.0.3 ही दुरुस्ती आली आणि ओरड ओसरली. लाखाच्या वरचा फोन पहिल्याच आठवड्यात घेणाऱ्यांनी दीड-दोन आठवड्यांचा ताप फुकट सोसला.

आता ग्वाल्हेरचं. फोनच्या बहुतेक चाचण्या एअर कंडिशन्ड खोल्यांत होतात. समजा फोनची पाठ 43 अंशांवर आहे आणि खोली 25 वर; 18 अंशांचा उतार मिळाला, उष्णता निघून गेली. आमच्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा 43-44 वर जातो, कधी त्याच्याही पुढे. उतारच संपला. ॲपल स्वतः आयफोन 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरा म्हणते. एप्रिल ते जून दुपारी ही अट पाळायची तर फोन घरातच ठेवावा लागेल. दोन वर्षांपूर्वी स्टेशनवर टीसी समोर उभा असताना माझ्या फोनची स्क्रीन काळवंडली आणि तापमानाची सूचना झळकली. तिकीट सूचनेच्या मागे अडकलं. प्रोसेसर तेव्हा काहीच काम करत नव्हता. फोन नुसता रिक्षात, मांडीवर, उन्हात आला होता.

यावर उपाय म्हणून व्हेपर चेंबरचं नाव हल्ली फार ऐकू येतं. 2025 च्या आयफोन 17 प्रोमध्येही तो आला. भाच्याला वाटलं हा माठासारखा प्रकार. अर्धं बरोबर. आत थोडं पाणी असतं, गरम जागी त्याची वाफ होते, गार कडेला ती पुन्हा पाणी होते. पण माठातलं पाणी वाफ होऊन उडून जातं आणि उष्णता सोबत नेतं. चेंबर सीलबंद असतो. तो उष्णता पसरवतो, घालवत नाही. बाहेर 44 असेल तर पसरवून नेणार कुठे?

म्हणून भाच्याला मी इतकंच सांगितलं. चिपचं नाव खोडून टाक. त्याच चिपचा तोच फोन वीस-तीस मिनिटं सलग गेम चालवल्यावर किती वेग टिकवतो, ते बघ. नवा फोन बाजारात आल्यावर निदान दीड-दोन महिने थांब. आणि कूलर हिवाळ्यात घ्यावा, स्वस्त पडतो. फोन मात्र मे महिन्यात घ्यावा, म्हणजे जे तापायचं ते बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत तापेल. फ्रिजमध्ये ठेवून गार करू नकोस, आत दव धरतं.

फोन त्याने मे महिन्यातच घेतला. दुकानदाराने जाड कव्हर फुकट दिलं होतं, ते घरी येताच काढलं. बीजीएमआय हा गेम आता रात्री अकरानंतर, खसच्या (वाळ्याच्या) कूलरसमोर बसून चालतं. फोन ठीक आहे. ताईचं म्हणणं, कूलरचे शिंतोडे उडतात, त्याचं काय?