मामा म्हणजे नक्की कोण?

ताईचं बाळ आठ महिन्यांचं आहे आणि मागच्या रविवारी ते माझ्याकडे बघून चक्क "मामामामा" म्हणालं. मी हवेत. ताई म्हणाली तुला नाही, त्याला मंमं हवंय. मी फॅमिली ग्रुपवर टाकलं तर एका काकांनी लगेच फॉरवर्ड चिकटवला, की जगात सगळीकडे आईला मामा-ममा म्हणतात कारण सगळ्या भाषा संस्कृतातून निघाल्या. आता 'मातृ' आणि इंग्रजी 'मदर' खरंच एका घराण्यातले आहेत, त्यात वाद नाही. पण चिनी लोक आईला 'मामा' म्हणतात, स्वाहिलीतही आई म्हणजे 'मामा', आणि या दोन भाषांचा संस्कृतशी तर नाहीच, एकमेकींशीही काही संबंध नाही.

त्याहून भारी म्हणजे जॉर्जियन भाषा. तिथे 'मामा' म्हणजे बाप! आणि आई म्हणजे 'देदा'. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या पित्जांतजारा भाषेतही 'मामा' म्हणजे बापच. आपल्याकडे आईचा भाऊ, तेलुगूत आईचा भाऊ आणि सासराही, कारण मामाची मुलगी करायची पद्धत. आपल्याकडे जुन्या सुना सासऱ्यांना 'मामंजी' म्हणायच्या तेही आठवा. (ट्रॅफिकवाले मामा आणि कुणाला मामा बनवणं हा वेगळा विषय.)

मग आवाज सगळीकडे तोच का? त्यासाठी एक प्रयोग करा, आत्ताच. नाक चिमटीत घट्ट धरा आणि "मामा" म्हणा. काय ऐकू आलं? जवळपास "बाबा". शाळेत प फ ब भ म घोकलं ना, ते सगळे ओठांचे, म्हणजे म आणि ब ला ओठ अगदी सारखेच मिटतात, गळ्यातला कंपही तोच, फरक फक्त मागे. टाळूचा मागचा भाग मऊ असतो, त्याच्याच टोकाला पडजीभ लोंबते. हा मऊ पडदा वर उचलला की नाकाची वाट बंद होते, हवा तोंडात कोंडते आणि ओठ उघडले की फुटते, तो ब. पडदा खाली राहिला तर ओठ बंद असूनही आवाज नाकातून वाहत राहतो, तो म. आपण तोंड मिटून नाकाने श्वास घेतो तेव्हा हा पडदा खालीच असतो, म्हणजे म ला तो उचलायचे कष्टच नाहीत, नुसतं गुणगुणायचं. आणि तोंड उघडलं की 'आ' आपोआप, जीभ कुठेही न्यायला नको. जबडा बंद-उघड बंद-उघड, झालं मामामामा. सहा-सात महिन्यांच्या बाळाला एवढंच झेपतं, 'ष' किंवा 'र' साठी जीभ जी कसरत करते ती त्याला अजून कुठली यायला.

पण बाबाबाबा आणि दादादादा पण तेव्हाच येतात, मग म आईलाच का चिकटला? रोमान याकोबसन नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने १९६० साली याचं उत्तर मांडलं. बाळ अंगावर पीत असताना तोंड भरलेलं असतं, आवाज निघू शकतो तो फक्त नाकातून, म्म्म. मग पुढे भूक लागली, आई दिसली, दूध दिसलं की तोच म्म्म. म्हणजे ताईचं बरोबर होतं, आपलं मंमं यातलंच! अर्थ बाळ लावत नाही, मोठी माणसं लावतात. बडबड ऐकून जो तो म्हणतो, मलाच हाक मारली. मी पण तेच केलं.

त्याआधी मर्डॉक या मानववंशशास्त्रज्ञाने जगभरातून आई-बापाचे १०७२ शब्द जमवले होते. त्यात आईच्या शब्दांपैकी ५५ टक्के म, न असे नाकातले निघाले, बापाचे फक्त १५ टक्के. म्हणजे कल आहे, नियम नाही, म्हणून तर जॉर्जियन लोकांचं बिनधास्त चालतं. तिकडे राजधानीला 'देदाकालाकी' म्हणतात, शब्दशः आई-शहर.

आणि आपली 'आई'? त्यात म नाही, न नाही, ओठसुद्धा मिटत नाहीत. 'माय' बसते त्या ५५ टक्क्यांत, 'आई' नाही.