डांबरावरची खडी आणि खडीचा रस्ता

पावसाळा सरला की आमच्या बेळगाव-खानापूर भागात रस्त्यांची डागडुजी निघते. खड्ड्यात डांबर ओतायचं, वर बारीक खडी फेकायची, रोलर फिरला तर फिरला. सुटी राहिलेली खडी पुढे कितीतरी दिवस गाड्यांच्या चाकांखालून इकडेतिकडे उडत असते. आणि नेमकं याच दिवसांत घरचे सायकलवाल्याला बजावतात, “कच्च्या वाटेनं नको, डांबरीनंच ये.” सल्ला मायेचा आहे, पण पदार्थविज्ञानाला तो मान्य नाही. नीट दबलेल्या खडीच्या वाटेपेक्षा डांबरावर पसरलेली ओंजळभर खडी सायकलला जास्त दगा देते.

असं का, हे १८८५ साली ऑस्बर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने दाखवलेल्या एका गुणधर्मात दडलं आहे. चोर्ला घाट उतरून गोव्याच्या किनाऱ्यावर गेलात की ओल्या वाळूवर पाऊल दाबून बघा. पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी, फिकट दिसते. दाबल्यावर पाणी वर यायला हवं होतं, ते उलट आत गेलं! कारण दाटीने बसलेले कण एकमेकांवरून सरकायचे तर त्यांना आधी शेजाऱ्याच्या खांद्यावर चढावं लागतं. चढले की मधल्या फटी मोठ्या होतात आणि पाणी त्यात उतरतं. म्हणजे दाट बसलेला कणांचा थर सरकताना फुगतो.

आता वाळूच्या जागी खडी आणि पावलाच्या जागी चाक घ्या. चाकाला खडी बाजूला ढकलायची असेल, तर प्रत्येक खड्याला शेजारच्या खड्यावर चढवावं लागेल, म्हणजे वर बसलेल्या तुमचं वजनही थोडं उचलावं लागेल. तुमचा भारच खडीला जागेवर धरून ठेवतो. आकड्यांत मांडायचं तर, समजा खड्यांमधल्या निव्वळ घर्षणाचा कोन (ज्या उतारावर खडे घसरू लागतात तो) ३० अंश आहे आणि या चढण्याचे त्यात १० अंश मिळाले. पकड मोजतात ती या कोनाच्या टॅनने, म्हणजे त्रिकोणमितीतल्या गुणोत्तराने: ३० अंशांचा टॅन ०.५८, ४० अंशांचा ०.८४. तेच दगड, पण पकड जवळजवळ दीडपट! थर मुळातच सैल असेल तर मात्र खडे चढण्याऐवजी खालच्या पोकळीत घसरतात, थर आक्रसतो, चाक रुततं आणि नांगरासारखं ओढत न्यावं लागतं. या दोन टोकांच्या मध्ये एक अशी घनता असते की थर फुगतही नाही, आक्रसतही नाही. मृदा अभियांत्रिकीचा मोठा डोलारा तिच्यावर उभा आहे, पण तिकडे वळलो तर सायकल इथेच राहील.

खड्याचा आकारही मोलाचा. निपाणी-चिकोडीकडचा काळा बेसाल्ट क्रशरमधून धारदार कोनांचा होऊन निघतो आणि एकमेकांत अडकून बसतो. स्कॉटलंडच्या मॅकअ‍ॅडमने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशाच फोडलेल्या, कोनदार दगडांचे रस्ते बांधले. खानापूर-जांबोटीच्या बाजूला जांभा झिजून सुटलेले तांबडे खडे बरेचदा गोलसर असतात. ते सुटे असले की अडकत नाहीत, गडगडतात.

डांबरावरच्या पातळ थरात तर चढायला शेजारीच नसतो. खाली सपाट, टणक पृष्ठभाग, वर एकेकटा खडा. फरशीवर ज्वारी सांडल्यावर पायाचं जे होतं, तेच चाकाचं होतं.

त्यात आपण भर वळणावर ब्रेक दाबतो. टायरची पकड मर्यादित असते आणि ती ब्रेक व वळण या दोघांत वाटली जाते, तीही पायथागोरसच्या हिशेबाने: ब्रेकने ८० टक्के खाल्ली तर वळायला ६० टक्के उरते (०.८ आणि ०.६ यांच्या वर्गांची बेरीज १). ब्रेकने पुरती खाल्ली, पुढचं चाक अडकलं, की हँडल कितीही फिरवा, चाक सरळ घसरत जातं. म्हणून ब्रेक वळणाआधी, सायकल सरळ असताना मारायचा.

काही वळणांवर वरचेवर लोक पडतात. मग तिथे “काहीतरी आहे” असं ठरतं, अमावास्येला नारळ फुटतो, लिंबू ठेवलं जातं. तिथे खरंच काहीतरी असतं: मुरूम. उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत वळतो, तेव्हा मागच्या ट्रॉलीची चाकं पुढच्यांपेक्षा आतून जातात, साइडपट्टीवर उतरतात आणि तिथले खडे डांबरावर ओढून आणतात. नारळ फोडणाऱ्याने तिथे खराटा फिरवला तर जास्त उपयोग होईल.

राहिला टायर. “हवा एकदम टाईट मारा की ओ” हा पंक्चरच्या दुकानातला नेहमीचा आग्रह. हिशेब करा: सायकलसकट ८० किलो वजन, त्यातलं सुमारे ४८ किलो मागच्या चाकावर. ६० पीएसआय, म्हणजे चौरस सेंटीमीटरला ४.२ किलो दाब असेल, तर टायर जमिनीला साधारण ११ चौरस सेंटीमीटर टेकतो. ३० पीएसआयला २३. मऊ टायर खड्याला पोटात घेतो. टणक टायर प्रत्येक खड्यावर सायकल आणि स्वाराला वर उडवतो, आणि ती ऊर्जा पेडल मारणाऱ्याच्याच पायांतून जाते. ‘ग्रॅव्हल बाइक’चा, म्हणजे खडीच्या वाटांसाठी बनवलेल्या सायकलींचा, सध्या मोठा गाजावाजा आहे, २०२२ पासून त्यांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही होते. सायकली उत्तम आहेत, पण त्यांच्या गुणांतला मोठा वाटा रुंद टायर आणि कमी हवेचा आहे, आणि हवा कमी करायला पैसे पडत नाहीत. फक्त अरुंद टायरमध्ये ती फार उतरवू नका. दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चेंगरली की एकदम दोन भोकं पडतात.