राष्ट्रीय फुटबॉल संघाचा प्रशिक्षक: निवडीमागची पंचाहत्तर वर्षे

जून २०२४ मध्ये इगोर स्टिमाच यांना भारतीय फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकपदावरून दूर करण्यात आले, जुलै २०२५ च्या सुरुवातीला त्यांच्या जागी आलेले मानोलो मार्केझ परस्पर संमतीने बाजूला झाले आणि १ ऑगस्ट २०२५ रोजी खालिद जमील यांचे नाव जाहीर झाले. म्हणजे चौदा महिन्यांच्या आत भारतीय संघासाठी दोनदा प्रशिक्षक शोधावा लागला. पहिल्या वेळी २९१ अर्ज आले होते, दुसऱ्या वेळी १७०. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या बाजूला, जिथे कापसाच्या भावापुढे आणि क्रिकेटच्या धावफलकापुढे फुटबॉलच्या वाट्याला वर्तमानपत्रात जेमतेम चार ओळी येतात, तिथेही शाळेच्या मैदानावरच्या मुलांनी मला विचारले, "सर, आता कोन येते जी?" मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक असल्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येणे साहजिक होते, परंतु त्याचे उत्तर केवळ एका नावाने देता येत नाही, त्यासाठी मागे जावे लागते.

आधी शब्दाविषयी. इंग्लंडमध्ये संघाची बांधणी करणाऱ्या माणसाला 'मॅनेजर' म्हणतात. आपल्याकडे मॅनेजर, म्हणजे व्यवस्थापक, हा तिकिटे, निवास आणि साहित्य पाहणारा वेगळा पदाधिकारी असतो आणि खेळाची जबाबदारी प्रशिक्षकाकडे असते. ही जबाबदारी किती पूर्ण असावी, खेळाडू कोणी निवडावेत आणि ते किती दिवस हाती मिळावेत, यावरच गेल्या पंचाहत्तर वर्षांतले बहुतेक वाद झाले आहेत.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला बलाईदास चॅटर्जी प्रशिक्षक म्हणून गेले होते आणि तिथे भारत फ्रान्सकडून १-२ असा हरला. त्यानंतर आले सय्यद अब्दुल रहीम. ते हैदराबादचे, व्यवसायाने शिक्षक आणि हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक. या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला. आमच्या पांढरकवड्यावरून जो महामार्ग आदिलाबादकडे उतरतो, तोच पुढे त्यांच्या शहरात पोचतो, त्यामुळे हे नाव मला कधी परके वाटले नाही. १९५१ मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत रहीम यांच्या संघाने अंतिम सामन्यात इराणला १-० असे हरवून सुवर्णपदक मिळवले. पुढच्याच वर्षी हेलसिंकीला युगोस्लाव्हियाकडून १-१० असा पराभव झाला. आपले बरेचसे खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत होते. या पराभवानंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. मधल्या काही स्पर्धांना दुसरे प्रशिक्षक गेले हे खरे, पण दहा गोल खाल्ले म्हणून रहीम यांच्या नावावर कायमची फुली मारली गेली नाही, आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला पुन्हा तेच गेले. तिथे नेव्हिल डिसूझा यांच्या तीन गोलांच्या बळावर भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले आणि चौथा क्रमांक मिळवला. भारतीय फुटबॉलला ऑलिंपिकमध्ये याच्या वर जाता आलेले नाही.

रहीम यांची खरी ताकद मैदाने पालथी घालण्यात होती, असे माझे मत आहे. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा गावातला तुळसीदास बलराम हा गरीब घरचा मुलगा सरावाला शहरात येऊ शकत नव्हता, तेव्हा सायकलीच्या भाड्याचे पैसे रहीम यांनी दिले, अशी हकिकत सांगितली जाते. आमच्याकडे एक मुलगा पोडावरून, म्हणजे आदिवासी वस्तीवरून, रोज सायकलीने येतो; चेन उतरली की ती गुडघ्यावर बसून चढवतो आणि हात पँटला पुसत मैदानात शिरतो. त्याला मी ही हकिकत सांगितली तेव्हा त्याने बलराम पुढे कुठवर गेला एवढेच विचारले. बलराम १९५६ आणि १९६० असे दोन ऑलिंपिक खेळले आणि १९६२ मध्ये जकार्ताला सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात होते.

जकार्ताची निवड आजही अभ्यासावी अशी आहे. बचावपटू जर्नेल सिंग यांच्या डोक्याला टाके पडले होते, तरी रहीम यांनी त्यांना उपांत्य आणि अंतिम सामन्यात थेट आघाडीला खेळवले आणि दोन्ही सामन्यांत त्यांनी गोल केला. साखळीत ज्या दक्षिण कोरियाकडून ०-२ असा पराभव झाला होता, त्यालाच अंतिम सामन्यात २-१ असे हरवले. असा निर्णय घेणाऱ्या माणसाला आपला प्रत्येक खेळाडू आतून-बाहेरून ठाऊक असावा लागतो. रहीम त्या वेळी कर्करोगाने आजारी होते आणि जून १९६३ मध्ये ते गेले.

१९६४ च्या आशिया चषकात इंग्लिश प्रशिक्षक हॅरी राइट यांच्या हाताखाली संघ उपविजेता झाला, १९७० च्या आशियाई क्रीडास्पर्धेत कांस्यपदक मिळाले, आणि मग उतरण लागली. मिलोवान चिरिच यांच्या काळात १९८४ च्या आशिया चषकात प्रवेश मिळाला. त्यानंतर हंगेरी, चेक आणि उझबेक प्रशिक्षक येऊन गेले, मधूनमधून भारतीयही आले, पण आशिया चषकाचे दार सत्तावीस वर्षे उघडले नाही. परदेशी की भारतीय हा वाद याच काळात रुजला. तो मला अर्धवट वाटतो, कारण या वर्षांत दोन्ही प्रकारचे प्रशिक्षक अपयशी ठरले आणि दोघांनाही फारसा अवधी मिळाला नाही.

बॉब हॉटन यांना २००६ ते २०११ अशी वर्षे मिळाली. त्यांनी २००७ आणि २००९ चा नेहरू चषक जिंकला, २००८ चा आशियाई महासंघाचा एएफसी चॅलेंज चषक जिंकला आणि त्या विजयामुळे २०११ च्या आशिया चषकाचे दार उघडले. स्टीफन कॉन्स्टंटाइन २०१५ मध्ये दुसऱ्यांदा आले त्याच सुमारास संघ जागतिक क्रमवारीत १७३ व्या स्थानापर्यंत घसरला होता. जुलै २०१७ मध्ये तो ९६ व्या स्थानी पोचला. २०१९ च्या आशिया चषकात थायलंडवर ४-१ असा विजय मिळाला, आणि बहरीनकडून हरल्यानंतर त्याच रात्री त्यांनी राजीनामा दिला.

२०१७ ची सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धा आपल्या देशात झाली, त्याचा आमच्या गावांशी थेट संबंध आला. त्या सप्टेंबरमध्ये राज्य शासनाच्या उपक्रमातून शाळाशाळांत फुटबॉल पोचले. कापसाच्या काळ्या जमिनीवर उन्हाळ्यात भेगा पडतात आणि त्या भेगांत चेंडू उडी मारून भलतीकडे जातो, तरी मुले संध्याकाळ होईपर्यंत मैदान सोडत नव्हती. स्पर्धेला वर्षसुद्धा उरले नसताना या संघाचे प्रशिक्षक निकोलाय अ‍ॅडम यांना मात्र जावे लागले आणि लुईस नॉर्टन द मातोस यांना काही महिन्यांत संघ उभा करावा लागला. भारताने तिन्ही सामने गमावले. कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने केलेला गोल हा फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या विश्वचषक स्पर्धांतला भारताचा पहिला गोल ठरला.

स्टिमाच मे २०१९ मध्ये आले. २०२३ मध्ये संघाने इंटरकॉन्टिनेंटल चषक आणि सॅफ ही दक्षिण आशियाई स्पर्धा जिंकली, म्हणून त्यांचा करार २०२६ पर्यंत वाढवण्यात आला. त्यानंतर २०२४ च्या जानेवारीत आशिया चषकाचे तिन्ही सामने एकही गोल न करता गेले, मार्चमध्ये गुवाहाटीला अफगाणिस्तानकडून पराभव झाला आणि जूनमध्ये दोहाला कतारविरुद्ध रेषेबाहेर गेलेल्या चेंडूवर गोल धरला जाऊन विश्वचषक पात्रतेची वाट बंद झाली. करार मध्येच तोडल्याबद्दल महासंघाला ४ लाख डॉलरची भरपाई मान्य करावी लागली. मार्केझ यांची नेमणूक झाली तेव्हा पहिल्या हंगामात एफसी गोवा हा क्लबही त्यांच्याकडेच राहणार होता. राष्ट्रीय संघ दुसऱ्या नोकरीच्या जोडीने चालवायचा, ही तडजोड मला तेव्हाही पटली नव्हती. त्यांच्या आठ सामन्यांत मालदीववरचा एकच विजय झाला.

जमील यांची निवड रीतसर झाली. आय. एम. विजयन यांच्या अध्यक्षतेखालील तांत्रिक समितीने जमील, कॉन्स्टंटाइन आणि स्टेफान तारकोविच अशी तीन नावे पुढे ठेवली आणि कार्यकारी समितीने जमील यांना पसंती दिली. २०१७ मध्ये मिझोरामच्या ऐझॉल संघाला आय-लीग या क्लबांच्या राष्ट्रीय स्पर्धेचे विजेतेपद मिळवून देणारा हा प्रशिक्षक. लहान गावांतल्या मुलांकडून काय काढता येते हे त्याने दाखवले आहे, म्हणून मला ही निवड योग्य वाटली. परंतु रहीम यांच्या हाती जो संघ होता, तसा आजच्या कोणाच्याच हाती नसतो. फिफाने ठरवून दिलेल्या दिवसांच्या बाहेर खेळाडू सोडण्याचे बंधन क्लबवर नसते, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मोहन बागानने आपले खेळाडू मध्य आशियातल्या काफा नेशन्स चषकासाठी सोडले नाहीत. तरीही भारताने त्या स्पर्धेत ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक घेतला. ऑक्टोबरमध्ये गोव्यात सिंगापूरकडून १-२ असा पराभव होऊन २०२७ च्या आशिया चषकाची संधी गेली, नोव्हेंबरमध्ये ढाक्याला बांगलादेशनेही ०-१ असे हरवले, आणि पुढचा प्रशिक्षक कोण, ही चर्चा लगेच पुन्हा सुरू झाली. माझ्या मते जमील यांना एक पूर्ण पात्रता फेरी सुरुवातीपासून मिळावी आणि शिबिरासाठी क्लबांनी खेळाडू वेळेवर सोडावेत, हे महासंघाने आधी लेखी ठरवून घ्यावे.