‘ट्रॅपिस्ट’ ही बिअरची शैली नव्हे

‘ट्रॅपिस्ट म्हणजे गडद, गोडसर आणि कडक बेल्जियन बिअर’ असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. ते चुकीचे आहे. ट्रॅपिस्ट हा कॅथलिक ख्रिस्ती मठवासीयांचा एक पंथ; त्याच्या नावाच्या शिक्क्यावरून बिअर कोणी व कोठे केली एवढेच कळते, ती कशी लागेल हे नव्हे. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय ट्रॅपिस्ट संघटनेचे षट्कोनी बोधचिन्ह हवे असेल, तर बिअर मठाच्या परिसरातच, मठवासीयांच्या देखरेखीखाली तयार व्हावी लागते आणि नफा मठाचा निर्वाह व समाजकार्य यांसाठीच वापरावा लागतो. रंग, चव किंवा यीस्ट यांविषयी त्यात अट नाही.

ऑर्व्हाल आणि रोशफोर १० या दोन बेल्जियन ट्रॅपिस्ट बिअर शेजारी ठेवून पाहावे. ऑर्व्हाल नारिंगी, कोरडी, कडवट, ६.२ टक्के मद्यार्काची, आणि बाटलीत घातलेल्या ब्रेटानोमायसिस यीस्टमुळे महिन्यामहिन्याला चव बदलणारी. रोशफोर १० काळपट तपकिरी, ११.३ टक्क्यांची, सुक्या अंजिराची आठवण करून देणारी. या दोन्ही एकाच शैलीत बसवायच्या, तर ‘शैली’ला अर्थच उरत नाही.

आखेल या बेल्जियन मठाचे उदाहरण तर निर्णायक म्हणावे लागेल. तेथे मठवासी उरले नाहीत म्हणून २०२१ मध्ये बोधचिन्ह गेले, बिअर मात्र बनतच राहिली. स्पर्धांच्या परीक्षकांसाठी वर्गीकरण करणाऱ्या अमेरिकी बीजेसीपीनेही त्याच वर्षी आपल्या ‘ट्रॅपिस्ट एल’ (एल हा बिअरचा एक प्रकार) गटाचे नाव बदलून ‘मोनॅस्टिक एल’ केले. उशिरा का होईना, ते बरे झाले.