ढकलणे वेगळे, फेकणे वेगळे: रेल्वेचा वाफेवरचा बर्फनांगर

नुकताच पडलेला भुसभुशीत बर्फ घनमीटरमागे शंभर किलोच्या आसपास किंवा त्याहून कमी भरतो. तोच वाऱ्याने दडपला गेला की तिप्पट-चौपट जड होतो. इंजिनापुढे पाचरीसारखा नांगर लावून बर्फ बाजूला सारण्याची पद्धत सपाटीवर चालून जाई. मात्र डोंगर फोडून काढलेल्या अरुंद मार्गात बर्फाला सरकायला जागाच नसते. तो पुढे दाबला जाऊन आणखी घट्ट होई आणि अखेर इंजिनच त्यात रुतून बसे.

बर्फ ढकलण्याऐवजी कापून दूर फेकावा, ही कल्पना 1869 मध्ये टोरोंटोचे दंतवैद्य जे. डब्ल्यू. एलियट यांनी मांडली. पुढे ऑरेंज जल यांनी ती सुधारली आणि 1880 च्या दशकात असे फिरते नांगर प्रत्यक्ष रुळांवर आले. पुढच्या प्रचंड चाकाची पाती बर्फ कापतात आणि चाकाच्या वेगामुळे तो वरच्या तोंडातून रुळांपासून लांब भिरकावला जातो.

या यंत्राची खरी हुशारी मला त्यातल्या श्रमविभागणीत दिसते. नांगरातला बाष्पक (बॉयलर) आणि वाफेचे इंजिन फक्त ते चाक फिरवतात. नांगर पुढे रेटण्याचे काम मागे जोडलेली एक किंवा अनेक वाफेची इंजिने करतात. चाक गाडीच्याच चाकांना जोडले असते, तर बर्फ दाट होऊन गाडी मंदावताच तेही मंदावले असते, म्हणजे जोराची सर्वाधिक गरज असतानाच तो कमी पडला असता. स्वित्झर्लंडमधील बर्निना मार्गासाठी 1910 च्या सुमारास बांधलेली यंत्रे याला अपवाद होती, कारण विजेवर चालणाऱ्या त्या रेल्वेसाठी चाक फिरवणे आणि स्वतः पुढे जाणे ही दोन्ही कामे एकाच बाष्पकावर सोपवली होती.

हिमकड्याबरोबर झाडे आणि दगड खाली आले की मात्र पाती मोडतात आणि माणसांना आधी फावड्यांनी वाट मोकळी करावी लागते. अमेरिकेतील स्टीव्हन्स खिंडीत 1910 च्या फेब्रुवारीत फिरते नांगर हाताशी असूनही वेलिंग्टन येथे दोन गाड्या अडकून पडल्या आणि 1 मार्चच्या पहाटे कोसळलेल्या हिमकड्याने 96 जणांचा बळी घेतला. ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने अखेर 1929 मध्ये सुमारे साडेबारा किलोमीटर लांबीचा नवा बोगदा सुरू करून तो मार्गच सोडून दिला.