फिनिलकीटोन्यूरियातील आहारनियमन

फिनिलकीटोन्यूरिया (पीकेयू) या आनुवंशिक चयापचय विकारात फिनिलॲलानीन हे प्रथिनांतील ॲमिनो अम्ल मोजून-मापून देणारा आहार. यकृतातील फिनिलॲलानीन हायड्रॉक्सिलेज या एंझाइमाच्या उणिवेमुळे त्याचे टायरोसिनात रूपांतर होत नाही. ते रक्तात साचून वाढत्या मेंदूला इजा करते. ‘पथ्य’ म्हटले की वर्ज्य पदार्थ आठवतात. येथे मात्र फिनिलॲलानीन पूर्ण वर्ज्य करता येत नाही, कारण शरीर ते स्वतः तयार करू शकत नाही.

विकाराचे पहिले वर्णन नॉर्वेच्या आस्ब्यर्न फलिंग यांनी १९३४ मध्ये केले. आहारोपचाराचे श्रेय वादाचे आहे. ते सहसा बर्मिंगहॅमच्या बिकेल, जेरार्ड व हिकमन्स यांच्या १९५३ च्या निवेदनाला दिले जाते; पण तशी सूचना लंडनचे लुई वुल्फ यांनी आधीच केली होती. कल्पना वुल्फ यांची आणि पहिली प्रत्यक्ष चाचणी बर्मिंगहॅमची, असे मानणे अधिक सयुक्तिक. केसिन या दुधातील प्रथिनाचे जलीय विघटन करून ते कोळशातून गाळले, की फिनिलॲलानीन कोळशात अडकून मागे राहते. बर्मिंगहॅमच्या चाचणीत सुमारे दोन वर्षांच्या मुलीला हे गाळलेले मिश्रण दिल्यावर ती रांगू व उभी राहू लागली, डोके आपटणे थांबले. मात्र सुरुवातीला फिनिलॲलानीन अजिबात न मिळाल्याने तिचे वजन घटले, म्हणून थोडे दूध द्यावे लागले. नंतर आईला न सांगता मिश्रणात फिनिलॲलानीन घातले, तेव्हा सुधारणा झपाट्याने ओसरली. आजच्या संमतीच्या निकषांवर हा प्रयोग टिकला नसता.

१ ग्रॅम प्रथिनात साधारण ५० मिग्रॅ. फिनिलॲलानीन धरून दिवसाचा वाटा ठरवतात. उरलेली प्रथिनांची गरज फिनिलॲलानीनविरहित ॲमिनो अम्लांच्या कडवट, उग्र वासाच्या मिश्रणाने भागवतात. ॲस्पार्टेम हे गोडकारक टाळतात, कारण त्यातूनही फिनिलॲलानीन सुटते. रक्तपातळी किती असावी याविषयी मतभेद आहेत : अमेरिकी मार्गदर्शिका (२०१४) आयुष्यभर १२०–३६० मायक्रोमोल प्रतिलिटर सांगते, तर युरोपीय (२०१७) बाराव्या वर्षानंतर ६०० पर्यंत सूट देते. पूर्वी शालेय वयात आहार सोडवीत. आता तो आजन्म चालू ठेवण्याकडे कल आहे. गर्भवतीची पातळी वाढल्यास, गर्भाला विकार नसला तरी, त्याच्या मेंदूला व हृदयाला धोका पोचतो. म्हणून नियंत्रण गर्भधारणेपूर्वीच सुरू करतात.