स्ट्राँग पासवर्ड आणि पासवर्डचा पुनर्वापर

पासवर्ड (परवलीचा शब्द) : संगणकाला किंवा ऑनलाइन सेवेला आपली ओळख पटवण्यासाठी द्यायचा गुप्त अक्षरसमूह. खाते उघडताना बहुतेक सेवा दोन अटी सांगतात : पासवर्ड ‘स्ट्राँग’ (हुडकायला अवघड) हवा आणि तो दुसरीकडे वापरलेला नको. दोन्ही एका दमात सांगितल्या जात असल्या, तरी त्यांच्यामागचे धोके निराळे आहेत. पहिली अट पासवर्ड हुडकून काढणाऱ्याला अडवते. दुसरी, ज्याच्या हाती तो आधीच पडला आहे त्याला.

लॉगिनच्या पानावर चार-पाच प्रयत्न चुकले की खाते काही वेळ बंद होते. मग आठ अक्षरे काय नि सोळा काय, अशी शंका येते. शंका रास्त आहे. पण पासवर्ड फोडण्याचे खरे काम लॉगिनच्या पानावर होतच नाही. ते चोरलेल्या डेटाबेसवर, चोराच्या स्वतःच्या संगणकावर होते आणि तिथे प्रयत्न मोजायला कोणी बसलेले नसते.

साठवण आणि फोड

नीट बांधलेली सेवा पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही. त्यावर गणिती प्रक्रिया करून निघालेला ठरावीक लांबीचा ‘हॅश’ ठेवते. पासवर्डवरून हॅश काढता येतो, हॅशवरून पासवर्ड काढता येत नाही. (‘पासवर्ड विसरलात?’वर क्लिक केल्यावर ईमेलने जुनाच पासवर्ड परत येत असेल, तर ती सेवा हॅश करत नाही एवढे पक्के समजावे.) चोराला मात्र हॅश उलटा फिरवायची गरजच नसते. तो संभाव्य पासवर्ड एकामागून एक घेतो, प्रत्येकाचा हॅश काढतो आणि चोरलेल्या यादीशी ताडून पाहतो. जुळला की पासवर्ड सापडला.

हे काम अवघड करण्याचे दोन उपाय सेवेच्या हातात असतात. पहिला ‘सॉल्ट’, म्हणजे प्रत्येक खात्यासाठी पासवर्डमध्ये मिसळलेली वेगळी यादृच्छिक (कोणताही नेम नसलेली, रँडम) अक्षरे. ती असली की एकच पासवर्ड असलेल्या दोघांचे हॅशही वेगळे निघतात आणि चोराला प्रत्येक खाते स्वतंत्रपणे फोडावे लागते. २०१२ साली लिंक्डइनचे सुमारे ६५ लाख हॅश उघड झाले, ते सॉल्टविना होते. दुसरा उपाय म्हणजे मुद्दाम संथ केलेला हॅश. १९९९ सालचा बीक्रिप्ट आणि २०१५ साली पासवर्ड हॅशिंग स्पर्धा जिंकलेला आर्गॉन२ हे या जातीचे. लॉगिन करणाऱ्याला सेकंदाचा काही अंश जास्त लागला तर जाणवत नाही; अब्जावधी प्रयत्न करणाऱ्याचे मात्र कंबरडे मोडते. पण सेवेने यातले काय वापरले आहे हे वापरकर्त्याला बाहेरून कळत नाही. म्हणून सेवेचा निष्काळजीपणा गृहीत धरूनच पासवर्ड ठरवावा लागतो.

लांबीचे गणित

साध्या, वेगवान हॅशवर एक चांगले ग्राफिक्स कार्ड सेकंदाला १,००० कोटी प्रयत्न सहज करते. या वेगाने फक्त लहान लिपीतील ८ इंग्रजी अक्षरांच्या सगळ्या जुळण्या, सुमारे २०,८८३ कोटी, २१ सेकंदांत संपतात. त्याच ८ जागांत मोठी अक्षरे, अंक आणि चिन्हे धरून कळफलकावरची ९५ चिन्हे वापरली, तरी आठ दिवसांच्या आत काम फत्ते. १२ लहान अक्षरांना सुमारे ११० दिवस लागतात. १६ लहान अक्षरांना, एकही अंक वा चिन्ह नसताना, सुमारे १ लाख ३८ हजार वर्षे. चिन्हांची सरमिसळ करण्यापेक्षा लांबी वाढवणे किती स्वस्त पडते, हे यावरून दिसते.

मात्र हा हिशेब अक्षरे खरोखर यादृच्छिक असतील तरच लागू पडतो, आणि माणसाला यादृच्छिक वागता येत नाही. १९७९ साली रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी युनिक्स ही संगणकप्रणाली वापरणाऱ्यांचे ३,२८९ पासवर्ड तपासले. त्यांतले २,८३१ फार आखूड, एकाच प्रकारच्या अक्षरांचे किंवा शब्दकोशात सापडणारे निघाले. १९८८ साली मॉरिस यांच्याच मुलाने सोडलेल्या इंटरनेट वर्मकडे (संगणकांमधून आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामकडे) पासवर्ड ओळखण्यासाठी अवघ्या ४३२ शब्दांची यादी होती. डिसेंबर २००९ मध्ये रॉकयू या कंपनीचे हॅश न केलेले ३.२ कोटी पासवर्ड चोरीला गेले, तेव्हा ‘१२३४५६’ हा पासवर्ड २ लाख ९० हजारांवर लोकांनी ठेवलेला आढळला. त्या चोरीतून बनलेली दीड कोटीच्या आसपास पासवर्डची यादी आजही फोडाफोडीचे पहिले हत्यार असते. अशा याद्यांत जगभरच्या लोकांनी रोमन लिपीत टंकलेले आपापल्या भाषांतले शब्द आणि नावे असतात, तेव्हा ‘इंग्रजी नसलेला शब्द कोण ओळखणार’ हा भरवसा फोल आहे.

‘एक मोठे अक्षर, एक अंक, एक चिन्ह’ हा नियम याच सवयींवर उतारा म्हणून आला आणि त्याने नव्या सवयी लावल्या. मोठे अक्षर पहिल्याच जागी येते, अंक शेवटी येतो आणि त्यापुढे उद्गारचिन्ह. ‘ए’च्या जागी @, ‘ओ’च्या जागी शून्य. हे बदल फोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तयार नियम म्हणून असतात. यादीतल्या प्रत्येक शब्दावर ते आपोआप लावले जातात. दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलण्याच्या सक्तीचेही तेच झाले : लोक शेवटचा अंक एकाने वाढवतात. अमेरिकेच्या निस्ट या मानकसंस्थेने २०१७ साली दोन्ही सक्ती सोडण्याचा सल्ला दिला आणि त्याऐवजी लांबी पाहावी, नवा पासवर्ड फुटलेल्या पासवर्डच्या यादीशी ताडून पाहावा, असे सांगितले. तरीही अनेक सेवा जुनाच नियम चालवतात. पासवर्ड पेस्ट करू न देणाऱ्या किंवा १२ अक्षरांपुढे जाऊ न देणाऱ्या सेवा तर वापरकर्त्याला दुबळ्या पासवर्डकडे ढकलतात.

पुनर्वापर

तीस यादृच्छिक अक्षरांचा पासवर्डही दहा ठिकाणी दिला, की त्या दहांतल्या सर्वांत ढिसाळ सेवेइतकाच तो सुरक्षित राहतो. तिथे तो हॅश न करता ठेवलेला असेल, तर फोडण्याचा प्रश्नच उरत नाही.

या चोरीचा उपयोग ज्या रीतीने होतो तिला ‘क्रेडेन्शियल स्टफिंग’ म्हणतात. चोरलेल्या माहितीची साधी फाइल असते : प्रत्येक ओळीत ईमेल पत्ता, अपूर्णविराम (:) आणि पासवर्ड. सॉफ्टवेअर एकेक ओळ उचलून भलत्याच सेवेच्या लॉगिनवर टाकून पाहते. प्रत्येक खात्यावर एकच प्रयत्न होतो आणि प्रत्येक प्रयत्न वेगळ्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवरील संगणकाच्या क्रमांकावरून) येतो, त्यामुळे चार-पाच चुकांनंतर कुलूप लावणारी यंत्रणा जागीच होत नाही. हजारात एक ओळ जरी लागली, तरी एक कोटी ओळींतून दहा हजार खाती हाती येतात. २०२३ साली ट्वेंटीथ्री-अँड-मी या जनुकचाचणी कंपनीची सुमारे १४ हजार खाती अशीच उघडली गेली. तिथे नातेवाईक शोधण्याची सोय असल्याने त्या खात्यांतून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली. त्यांतल्या बहुतेकांच्या खात्याचा पासवर्ड चोराने वापरलाही नव्हता. पुनर्वापराला सेवा का हरकत घेतात, ते इथे कळते.

मूळ शब्द तोच ठेवून पुढे सेवेचे नाव जोडणे हाही पुनर्वापरच. एक नमुना फुटला की बाकीचे वाचता येतात.

व्यवहारात

पन्नास वेगळे पासवर्ड कोणाच्याच लक्षात राहत नाहीत, म्हणून पासवर्ड मॅनेजर. तो प्रत्येक खात्यासाठी १६ ते २० यादृच्छिक अक्षरे बनवतो आणि कुलूपबंद ठेवतो. त्याचा आणखी एक गुण फारसा सांगितला जात नाही : तो संकेतस्थळाचा पत्ता तपासूनच पासवर्ड भरतो, त्यामुळे हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानावर तो गप्प राहतो. नेहमी भरणारा मॅनेजर अचानक भरेनासा झाला, तर हाताने टंकण्याआधी पत्ता वाचावा.

मॅनेजरचा मुख्य पासवर्ड तेवढा पाठ करावा लागतो. त्यासाठी डाइसवेअरची रीत चांगली : पाच फासे टाकून ७,७७६ शब्दांच्या यादीतून एक शब्द घ्यायचा, असे सहा शब्द. वर धरलेल्या वेगाने सर्व जुळण्या तपासायला सुमारे ७ लाख वर्षे लागतात. शब्द आवडला नाही म्हणून फासे पुन्हा टाकू नयेत; आवडनिवड आली की यादृच्छिकता गेली. आवडती ओळ किंवा म्हण या कामाची नाही. जुने पासवर्ड बदलताना सुरुवात ईमेलपासून करावी, कारण इतर सगळ्या खात्यांच्या रीसेट लिंक तिथेच येतात.

देवनागरी पासवर्ड जिथे चालतो तिथेही दोन अडचणी आहेत. युटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेतांक (अक्षराला किंवा मात्रेला दिलेला क्रमांक) ३ बाइट घेतो आणि बीक्रिप्ट ७२ बाइटच पाहतो, म्हणजे २४ संकेतांकांनंतरचे काही मोजलेच जात नाही. काना, मात्रा, हलन्त सगळे त्या २४ मध्येच. शिवाय ‘ऱ’ एका संकेतांकाने लिहिता येतो, तसाच ‘र’ आणि नुक्ता (खालचे टिंब) अशा दोहोंनीही. सेवेने दोन्ही रूपे एक करून घेतली नसतील, तर एका कळफलकावरून ठेवलेला पासवर्ड दुसऱ्यावरून चुकीचा ठरतो.

बनावट पानावर स्वतःच टंकलेला किंवा संगणकात शिरलेल्या कीलॉगरने (दाबलेली प्रत्येक कळ नोंदवणाऱ्या प्रोग्रामने) टिपलेला पासवर्ड कितीही लांब असला तरी गेलाच. तिथे दुसरा घटक उपयोगी पडतो : ॲपमधला सहा अंकी कोड किंवा सुरक्षा-की (संगणकाला जोडायचे छोटे उपकरण). कोडही बनावट पानावर देऊन बसता येतो, सुरक्षा-कीच्या बाबतीत तसे होत नाही. पासकी पद्धतीत पासवर्डऐवजी किल्ल्यांची जोडी असते; गुप्त किल्ली आपल्या उपकरणावर राहते आणि सेवेकडे केवळ सार्वजनिक किल्ली असते, त्यामुळे डेटाबेस चोरूनही फोडण्यासारखे काही मिळत नाही. मात्र फोन हरवल्यावर पासकीऐवजी पासवर्डने आत येण्याची वाट बहुतेक सेवांनी उघडी ठेवली आहे, आणि त्या वाटेला वरचे सर्व तसेच लागू आहे.